अतुलचे उसासे

१

महिपती सातकरांच्या घरातून एक कॅसेट चोरीला गेली, आणि तिचा तपास करायला त्यांनी पोलिसांना सोडून हिंदीच्या बाईंना बोलावलं. हिंदीची बाई म्हणजे मी, शालन ओव्हाळ. कामशेतच्या शाळेत माझा जन्म गेला. पोरांनी कॉपी कुठे लपवलीय ते मी नुसत्या त्यांच्या बसण्यावरून सांगायची. त्या कीर्तीवर लोक मला अजून हरवलेली अंगठी न् पळालेला बोकड शोधायला बोलावतात. निवृत्त बाईला काही काम नसतं, असा अख्ख्या मावळाचा समज आहे.

पण महिपतीभाऊंना नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. त्यांचा एकुलता एक मुलगा अतुल गेल्या महिन्यात जुन्या हायवेवर ट्रकखाली गेला होता. माझाच विद्यार्थी. गुणी पोर, पण हिंदीत ठोंब्या. हिंदीच्या पेपरात मेला सरळ मराठी लिहायचा, 'है'च्या जागी 'आहे'. लाल रेघा मारून माझा हात दुखायचा. "बाई, अक्षरं तीच की!" म्हणायचा आणि असा हसायचा, की मला पुढे ओरडताच यायचं नाही.

लोणावळ्याहून लोकल धरली आणि कान्ह्याला उतरले. भाऊ ओट्यावर बसले होते. तळेगावच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून उभी हयात काढलेला ताठ माणूस. आता शर्टाची बटणंसुद्धा वरखाली लागली होती.

"कॅसेट काय सोन्याची होती का भाऊ?" मी मुद्दामच हलकं बोलले.

"सोनं गेलं असतं तर तुमास्नी बोलावलं नसतं बाई."

आतल्या खोलीत फळीवर त्यांचा जुना टेपरेकॉर्डर होता. कॅसेटची रिकामी डबी शेजारी पडलेली. रेकॉर्डरची वायर नीट गुंडाळून ठेवली होती, आणि त्यावर विणलेला रुमाल घातला होता.

"हा रुमाल तुम्ही घातला?"

"न्हाई. मी कशाला घालतोय."

चोर माल उचलतो आणि पळतो. मागे राहिलेल्या वस्तूवर धूळ बसू नये म्हणून रुमाल घालणारा चोर मी पहिल्यांदाच बघत होते.

भाऊंनी दार लोटून घेतलं. आवाज बारीक करून म्हणाले, "बाई, कॅसेट मिळू द्या न्हाईतर मरू द्या. मला येवढंच सांगा. माझं पोर ट्रकखाली सापडलं, का त्यानं आपणहून गाडी घातली?"

२

भाऊंनी सांगितलं ते असं.

अतुल वर्षाचा असताना कंपनीतल्या एका साहेबानं बदलीच्या वेळी त्यांना आपला जुना कॉम्प्युटर दिला. रबरी बटणांचा, पाटीएवढा. तो टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्रॅम साध्या कॅसेटवर साठवायचे. भाऊंना नाद लागला. रात्रंदिवस खपून त्यांनी बैलगाडा शर्यतीचा एक खेळ बनवला. तो साठवायला कोरी कॅसेट हाताशी नव्हती. होती ती एकच, आणि तिच्यावर बायकोनं, रेणुकानं, काहीबाही बोलून ठेवलेलं.

"मी इचारलं तिला, पुसू का? तर हसली. म्हणली, पुसलं तर पुसलं. मी हाय की हितं. मी कुटं चाललीय? परत बोलीन."

त्याच पावसाळ्यात कावीळ झाली आणि रेणुका गेली. तिचा आवाज दुसरा कुठेच नव्हता. फोटो दोन, आवाज शून्य. अतुलला आईचा आवाज माहीतच नव्हता.

"त्यावर आता वाजतं काय?"

"किर्रर्र वाजतं. प्रोग्रॅमचा आवाज तसाच असतोय. रेकॉर्डर त्याच्या आदीच एकदा माज्या हातनं पडलावता, तवापास्नं त्याचं टेपला टेकणारं हेडबी तिरपं. कितींदा कान लावला मी. न्हाई बाई. ती न्हाई त्यात."

या वर्षी अतुलनं मनावर घेतलं. बाबांचा बैलगाड्याचा खेळ लॅपटॉपवर चालवून दाखवायचा. जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेणारा प्रोग्रॅम असतो म्हणे, एम्युलेटर. पण कॅसेटचा आवाज त्याच्या पचनी पडेना. शेवटी झेक नावाच्या कुठल्या लांबच्या देशातल्या लोकांची वेबसाइट सापडली. अशा कॅसेटा दुरुस्त करण्यात ती माणसं वस्ताद. हा तिथे रोज लिहायला लागला, मदत मागायला लागला. मग एक दिवस बापाला म्हणाला, "बाबा, खाली आईचं काही उरलं असेल का, तेपण बघतो."

"आन् मग ज्या दिशी गेला, त्या दिशी त्यानं तितं काय लिवलं, ठावं हाय?" भाऊ म्हणाले. "त्याच्या दोस्तानं, विक्कीनं, मला मोबाइलवर मराठीत करून दाकवलं. 'रिकामी आली, उसासे.' येवढंच लिवलं, आन् गाडीला किक मारली. आईला बापानंच पुसलं ह्ये लेकराला कळलं बाई. मग त्यानं काय करावं?"

मला सांत्वन करता येत नाही. मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

"आता म्हाताऱ्याला येकच काम. त्यो रिकामा आवाज रोज लावून बसायचा. तर तीबी कुणी नेली."

३

शेजारचा श्रीपती हा भाऊंचा चुलतभाऊ. त्याला मी ओट्यावरूनच हाक मारली. कॅसेट गेली याचा त्याला झालेला आनंद लपत नव्हता. "सकाळ-संध्याकाळ किर्रर्र, किर्रर्र! म्हशीनं पान्हा चोरला बाई माज्या! पण मी कशाला नेऊ? मला त्येचं बटान बी दाबाया येत न्हाई." खोटं बोलणारा माणूस म्हशीचं नाव घेऊन बोलत नाही. त्याला मी सोडून दिला.

स्वयंपाकघरात अतुलची बायको सृष्टी भाकरी थापत होती. पोर तळेगावात वाढलेली, नोकरी करणारी. आता हात चालत होते आणि नजर कुठेच नव्हती.

"सृष्टी, त्या दिवशी त्याच्या सामानात काय काय होतं गं?"

"बाई, लॅपटॉपचा चुरा झाला होता. रेनकोट. आणि..." तिची भाकरी काठाला चिरली. "पेढे होते. अर्धा किलोचा पुडा. सगळे चेंबलेले. मी कुणाला सांगितलं नाही. बाबांना तर नाहीच."

"का?"

"कशाचे पेढे होते हे मलाच माहीत नाही तर काय सांगू? असं वाटतं, माझ्यासाठी आणले असतील. आमचं सकाळी भांडण झालं होतं बाई. सारखा तुझा कॉम्प्युटर आणि सारखी ती कॅसेट म्हणून. ते शेवटचं बोलणं आमचं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग ओढणीचं कौतुक करावं तसं सहज विचारलं, "रेकॉर्डरवरचा रुमाल छान आहे. तू विणलास?"

तवा तापून धूर निघाला तरी तिनं भाकरी टाकली नाही. म्हणाली, "हो. पण मला कॅसेटचं काही माहीत नाही."

कॅसेटचं मी विचारलंच नव्हतं.

४

चोर कळला होता, पण भाऊंचा खरा प्रश्न वेगळाच होता. म्हणून मी कामशेतला विक्कीच्या मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात गेले. अतुल त्या दिवशी तिथूनच निघाला होता. विक्की अतुलचा लंगोटीयार. दोघं एका बाकावर बसून माझ्या नावानं बोटं मोडायचे.

"विक्या, शेवटचं तू बघितलंस त्याला. खरं सांग. कसा होता?"

विक्कीनं हातातला चिमटा खाली ठेवला. "बाई, रडत होता. तिकडं कोपऱ्यात कानाला हेडफोन लावून बसलेला. अचानक पाणीच यायला लागलं डोळ्यांतनं. मी म्हणलं, काय झालं रे? तर मानच हलवली. मग मोबाइल तोंडापाशी धरून त्या साइटवर काहीतरी बोलला आणि उठला. मी परत विचारलं, तर म्हणला, 'आधी बाबा.' आणि गेला. भाऊंना जाब विचारायला निघाला असणार, असं मला वाटलं."

"म्हणजे तो लिहायचा नाही, बोलायचा?"

"मराठीत बोलायचा की. फोन टाइप करतो. ती साइट आपोआप त्याचं झेक करते, आणि झेकच ठेवते. मग ते झेक आपला फोन परत मराठीत करून दाखवतो. लय सोपं."

"दाखव मला. पहिल्यापासून."

विक्कीनं पान उघडलं. अतुलचं बोलणं झेकमध्ये जाऊन आणि पुन्हा मराठीत येऊन पार उसवलं होतं. यारोमीर नावाचा कुणी गृहस्थ त्याला उत्तरं देत होता. एका ठिकाणी त्यानं लिहिलं होतं, 'तुमच्या वडिलांचं डोकं वाकडं आहे, म्हणून एक काठ पुसायचा राहतो.'

"हे वाचून भाऊ लय दुखावले बाई," विक्की म्हणाला. "परका माणूस असं बोलतो आणि अतुल ऐकून घेतो."

"अरे गाढवा, डोकं म्हणजे हेड! रेकॉर्डरचं हेड! भाऊंनीच सांगितलं मला, पडून तिरपं झालंय म्हणून." यंत्र हे असलं भाषांतर करत असेल, तर बाकीच्या वाक्यांचं काय?

पुढे यारोमीरनं विचारलं होतं, वडिलांनी आवाज पुसला, तुला काय वाटतं? अतुलचं उत्तर होतं, 'वडिलांवर माझं गाणं नाही.' आणि अगदी शेवटी, त्या दिवशीचं, 'रिकामी आली, उसासे. आता वडिलांना आणखी शिक्षण नाही.'

"बघा ना, काय पण बोलला," विक्की म्हणाला. "बापाला शिक्षण नाही म्हणे. आणि सारखे उसासे. किती दुःखात होता तो बाई, आणि मला शेजारी बसून कळलं नाही."

खरंच, वाक्यावाक्याला उसासे होते. 'बाहेर पाऊस, उसासे.' लोणावळ्याच्या शेजारी जन्मलेला माणूस पावसाला उसासे टाकेल? 'चहा गार, उसासे.' मी वर वर जात राहिले. सगळ्यात पहिली ओळ आली.

'माझं नाव अतुल, उसासे.'

स्वतःचं नाव सांगून कोण उसासा टाकतं?

"विक्या," मी म्हणाले. "या साइटवर भाषा निवडायची यादी असेल. त्याच्या नावापुढे कुठली भाषा आहे बघ."

विक्कीनं दोन बटणं दाबली. "मराठी नाहीच यादीत. हिंदी आहे. त्यानं हिंदी निवडली होती. अक्षरं तीच की बाई."

मी दुकानाच्या पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले.

५

संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही कान्ह्याला पोचलो. भाऊंना, सृष्टीला समोर बसवलं. आयुष्यभर शिकवलं, पण एवढा अवघड तास मी कधी घेतला नव्हता.

"भाऊ, अतुल मराठीत बोलला आणि यंत्रानं ते हिंदी म्हणून वाचलं. ध चा मा झाला सगळा. मराठीतलं प्रत्येक दुसरं वाक्य 'आहे'वर संपतं. हिंदीत 'आहें' म्हणजे उसासे. माझं नाव अतुल आहे. बाहेर पाऊस आहे. तुमच्या पोरानं एकही उसासा टाकलेला नाही."

मी विक्कीचा मोबाइल भाऊंपुढे धरला.

"शिक्षण नाही, असं तो म्हणालाच नव्हता. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत शिक्षा म्हणजे काय?"

"शिक्षा..." सृष्टी पुटपुटली.

"आता बाबांना आणखी शिक्षा नाही. असं म्हणाला तो. आणि ते गाणं? हिंदीत राग म्हणजे गाण्यातला राग. आपला राग वेगळा. त्या परक्या माणसानं विचारलं, बापानं आवाज पुसला, तुला काय वाटतं? तर तुमचं पोर म्हणालं, बाबांवर माझा राग नाही."

भाऊंनी धोतराचा सोगा तोंडात कोंबला. मी थांबले नाही. थांबले असते तर मला पुढचं बोलताच आलं नसतं.

"आता 'रिकामी आली, उसासे.' हिंदीत खाली म्हणजे रिकामं. हिंदीत आई म्हणजे आली. आणि शेवटचा उसासा म्हणजे आहे. भाऊ, तो म्हणाला, आई खाली आहे."

"खाली?" भाऊंना कळेना. "खाली कुटं?"

विक्कीनंच सांगितलं, कपाळावर हात मारून. "लॅपटॉपवर आवाजाच्या दोन पट्ट्या दिसतात भाऊ. एक वर, एक खाली. तुमचं हेड तिरपं होतं, म्हणून प्रोग्रॅम वरच्या पट्टीवर बसला आणि खालचा काठ पुसायचाच राहिला. तुमच्या रेकॉर्डरला स्पीकर एकच. दोन्ही आवाज एकदम वाजायचे आणि ती किर्रर्र काकूंना दाबून टाकायची. खालची पट्टी अतुलनं एकटीच लावली. बाई, तो ऐकत होता! माझ्या दुकानात बसून आईला ऐकत होता!"

"म्हणून पेढे," मी सृष्टीकडे बघत म्हणाले. "जाब विचारायला निघालेला माणूस पेढे घेत नाही. 'आधी बाबा' म्हणजे आधी बाबांना ऐकवतो. पाऊस होता, रस्ता निसरडा होता, आणि तो घाईत होता कारण तो खुशीत होता. त्यानं गाडी घातली नाही भाऊ. तो घरी येत होता."

भाऊ रडले ते असे, की श्रीपती धावत आला. एवढा मोठा माणूस एवढा उघडा रडताना मी पाहिला नव्हता. थोड्या वेळानं डोळे पुसून ते म्हणाले, "मंग आता ती कॅसेट... बाई, ती कोण घेऊन गेलं, ते सांगा. मी पाया पडतो त्याच्या."

सृष्टी भिंतीला टेकून खाली बसली.

"मी नेली बाबा. तुम्ही दिवसभर ती लावून बसायचात. जेवायचा नाहीत. मला वाटलं, आता हापण माणूस जाईल माझा." तिला श्वास पुरेना. "मी ती इंद्रायणीत टाकली. पुलावरून. पाणी भरून वाहत होतं."

ज्या वाक्यानं आई सापडली होती, त्याच वाक्यानं ती नदीत गेली होती. माझा राग कुणावर काढावा तेच मला कळेना. पोरीवर तरी कसा काढायचा? तिनं केलं ते मायेपोटी.

भाऊ हळूहळू उठले आणि सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. "तू मला वाचवाया गेलीस गं. मीबी असाच येक बटान दाबून बसलो होतो."

६

विक्की तोवर मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला होता. अतुलनं शेवटच्या ओळीखाली आवाजाची फाइल जोडली होती. पण दाबलं की 'मुदत संपली' एवढंच दिसत होतं. त्याखाली यारोमीरचं उत्तर होतं, 'मला फार वाईट वाटतं, मित्रा.' त्यानंतर त्यानं बरेचदा विचारलं होतं, 'तू आहेस ना?' त्याला कुणीच उत्तर दिलेलं नव्हतं.

"त्या माणसाकडे असेल," मी म्हणाले. "आण इकडे. आणि बोलायचं नाही, मी लिहिते."

उभ्या आयुष्यात कुणी मला एवढं जपून हिंदी लिहिताना पाहिलं नसेल. अतुलचं निधन झालं, हे लिहिलं. यंत्राकडून चूक झाली, ती काय झाली, ते लिहिलं. आणि शेवटी, 'टेप खाली नहीं थी। माँ निचली पट्टी में है।' एकेक मात्रा तपासली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं होतं आमचं. मावळातली बाई मावळातल्या पोराचं मराठी परक्या देशातून मागवत होती.

सकाळी उत्तर आलं. यारोमीरनं फाइल ठेवली होती. लिहिलं होतं, 'मी दुसऱ्यांच्या कॅसेटा कधी पुसत नाही. त्याच्या वडिलांना माझा नमस्कार.'

विक्की दुकानातला मोठा स्पीकर आणि आपला लॅपटॉप घेऊन आला. लॅपटॉपवर दोन पट्ट्या उमटल्या. वरची दाट, काळीभोर. खालची बारीक, हिरव्या गवतासारखी. विक्कीनं वरची बंद केली.

आधी नुसती खरखर. मग भांडं पडल्याचा आवाज. आणि मग लांबून, पाण्याखालून यावा तसा, एका तरण्या बाईचा आवाज आला.

"अवो, ह्ये फिरतंय का नुसतं? बोलू का? काय बोलू? माजं काय बोलायचंय..." हसणं. "हे घ्या, ह्यालाच बोलवते. अतुल, ए अतुल, हितं बग. म्हण, बाबा. म्हण की. बा-बा."

सृष्टीनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. इतक्या वर्षांचा तो जिवंत आवाज पुन्हा म्हणाला, "म्हण रे माज्या सोन्या, बाबा कामावरनं आल्यावर ऐकत्याल. बा-बा."

आणि वर्षभराच्या पोराचा ओला, बोबडा आवाज आला, "बा... बा."

भाऊ स्पीकरच्या पुढ्यात बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"व्हय रं," ते म्हणाले. "आलो."

पट्टी संपली. विक्कीनं डोळे पुसत विचारलं, बंद करू का भाऊ? त्यांनी मान हलवून नको म्हटलं. विक्कीनं परत लावलं. पोरानं परत हाक मारली, आणि भाऊ परत व्हय म्हणाले.